परीक्षानळीतील अर्थकारण : डीएनए-वर्धनाची विक्रियाकारके आणि स्वावलंबनाचा प्रश्न

(दिल्लीतील आर. के. पुरम येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप.)



आपल्यापैकी बरेच जण बेर सराय, जिया सराय किंवा मुनीरका या वस्त्यांतून आज येथे आले आहेत. या परिसरापासून थोड्याच अंतरावर अरुणा असफ अली मार्गावर राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था आहे. तेथेच आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्राची नवी दिल्ली शाखाही आहे. १९८३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून हे केंद्र उभे राहिले. त्याच्या अन्य दोन शाखा इटलीतील त्रिएस्त आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे आहेत. या संस्थांतील प्रयोगशाळांमध्ये रोज शेकडो लहान प्लास्टिकच्या नळ्यांत पाण्याच्या एका थेंबाएवढे द्रावण घातले जाते आणि त्यातून डीएनएच्या कोट्यवधी प्रती तयार होतात. त्या एका थेंबाचे अर्थशास्त्र हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अर्थशास्त्राच्या माणसाने परीक्षानळीविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान, आयात शुल्क, सार्वजनिक खरेदी, बौद्धिक संपदा, जैवविविधता आणि आरोग्य हे विषय आपण वेगवेगळ्या वह्यांत लिहून काढता. त्या एका थेंबात हे सर्व विषय एकत्र येतात, म्हणून हा विषय मी निवडला आहे.

थेंबात काय असते?

डीएनएच्या विशिष्ट भागाच्या असंख्य प्रती तयार करण्याच्या पद्धतीस पॉलिमरेज साखळी विक्रिया, म्हणजेच पीसीआर, असे म्हणतात. तिच्यासाठी लागणाऱ्या पदार्थांना आपण विक्रियाकारके म्हणू. प्रयोगशाळेत त्यांना सरसकट रिएजंट असेच म्हणतात. ज्याच्या प्रती काढावयाच्या तो मूळ डीएनए सर्वप्रथम हवा. त्यावरील नेमका भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे दाखविणारे डीएनएचे दोन छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, हवेत. नवी साखळी विणण्यासाठी चार प्रकारचे न्यूक्लिओटाइड हा कच्चा माल झाला. विणकाम करणारे विकर म्हणजे डीएनए पॉलिमरेज. शिवाय या विकराला मानवेल अशी आम्लता राखणारे बफर द्रावण आणि त्यात योग्य प्रमाणात मॅग्नेशियम. कोरोना विषाणूसारख्या आरएनए विषाणूची चाचणी असेल, तर आरएनएचे आधी डीएनएमध्ये रूपांतर करणारे आणखी एक विकर लागते.

हे मिश्रण यंत्रात ठेवून त्याचे तापमान ठराविक क्रमाने बदलले जाते. साधारण ९५ अंश सेल्सिअसला डीएनएच्या दोन साखळ्या सुटतात. ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान प्रायमर आपापल्या जागी जुळतात. ७२ अंशांच्या आसपास विकर नवी साखळी विणते. असे एक आवर्तन पूर्ण झाले की एकाच्या दोन प्रती होतात, दुसऱ्या आवर्तनात चार, तिसऱ्यात आठ. तीस आवर्तनांनंतर एका रेणूपासून सैद्धांतिकदृष्ट्या १०७ कोटींहून अधिक प्रती तयार होतात.

चक्रवाढ व्याज ज्याला समजले त्याला पीसीआर समजला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र चक्रवाढीची दुसरी बाजूही येथे तितकीच कठोरपणे लागू होते. प्रत्येक आवर्तनात शंभर टक्क्यांऐवजी नव्वद टक्केच रेणू दुप्पट झाले, तर तीस आवर्तनांनंतर प्रतींची संख्या सुमारे २३ कोटी भरते. कार्यक्षमता ऐंशी टक्के असेल तर ती साडेचार कोटींच्या आसपास येते. म्हणजे विक्रियाकारकाच्या गुणवत्तेत दहा टक्क्यांची तूट आली तर अंतिम फळात तीन चतुर्थांशांहून अधिक तूट येते. हे गणित आपण लक्षात ठेवावे. खरेदीच्या प्रश्नाकडे वळताना ते पुन्हा लागणार आहे.

अशा प्रचंड वर्धनाचा आणखी एक परिणाम आहे. बाहेरून चुकून शिरलेला परका डीएनएदेखील त्याच वेगाने वाढतो. त्यामुळे मिश्रण तयार करण्याची जागा आणि वर्धित डीएनए हाताळण्याची जागा वेगळी ठेवावी लागते. प्रत्येक वेळी मूळ डीएनए न घातलेली एक नळी तुलनेसाठी चालवावी लागते. त्या नळीत काही उगवले, तर त्या दिवसाचे सर्व निष्कर्ष बाद होतात. विकरे सामान्यतः उणे २० अंशांत ठेवावी लागतात. वाहतुकीत शीतसाखळी तुटली, तर बाटलीवरील नाव तेच राहते, पण आतील विकराची शक्ती घटलेली असते आणि डोळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

उष्ण झऱ्यातून बाजारपेठेत

पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये अमेरिकेतील सीटस या कंपनीत काम करीत असताना सुचली. १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आरंभी एक मोठी अडचण होती. ९५ अंशांच्या उष्णतेत नेहमीचे पॉलिमरेज विकर निकामी होत असे व प्रत्येक आवर्तनात ते नव्याने घालावे लागे. यावर उपाय सापडला तो एका उष्ण झऱ्यात. १९६० च्या दशकात टॉमस ब्रॉक यांनी अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील झऱ्यांतून थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू वेगळा केला होता. त्याचे नमुने जिवाणूंच्या सार्वजनिक संग्रहात ठेवलेले होते. त्यापासून मिळविलेले टॅक पॉलिमरेज हे विकर उष्णता सहन करते. त्याच्यामुळेच पीसीआर आपोआप चालणारी प्रक्रिया बनली.

१९९१ मध्ये सीटसने पीसीआरचे हक्क हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीस ३० कोटी डॉलरना विकले. ज्या उद्यानातून तो जिवाणू आला, त्याला यातील काहीही मिळाले नाही. जैविक संसाधनांच्या लाभवाटपाचा प्रश्न समजावून सांगताना हे उदाहरण जगभर दिले जाते ते याचसाठी. आपल्याकडे जैविक विविधता अधिनियम २००२ मध्ये झाला, त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१० च्या नागोया शिष्टाचारानेही हाच विषय हाताळला. महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे अल्कधर्मी सरोवर आहे, वज्रेश्वरी, उनपदेव, उनकेश्वर यांसारखे उष्ण झरे आहेत. असे सूक्ष्मजीव जतन करणारे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र पुण्यात आहे. परंतु जिवाणू जतन करणे आणि त्यापासून बाजारात टिकणारे विकर तयार करणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर भांडवल, कौशल्य व खात्रीची मागणी यांनीच भरून निघते.

पीसीआरची मूलभूत अमेरिकी पेटंटे २००५ मध्ये संपली. टॅक पॉलिमरेजचे जनुक साध्या ई. कोलाय जिवाणूत घालून हे विकर तयार करता येते, आणि अनेक प्रयोगशाळा स्वतःपुरते ते करतातही. मग तरीही विक्रियाकारकांसाठी आपण परदेशाकडे का पाहतो? कारण एकदा विकर बनविणे वेगळे आणि प्रत्येक खेपेस तंतोतंत त्याच शक्तीचे विकर बनविणे वेगळे. ग्राहक पैसे मोजतो ते या खात्रीसाठी. बेंगळूरुत १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंगलोर जीनाय या कंपनीने भारतात रेणवीय जीवशास्त्राची विक्रियाकारके तयार करण्याचा पाया घातला; पुढे ती बहुराष्ट्रीय मर्क समूहाकडे गेली. मुंबईच्या हायमीडियासारखी कंपनी सूक्ष्मजीवांच्या संवर्धन माध्यमांत जगभर माल पाठविते. म्हणजे क्षमता नाही असे नाही. ती सलग व सर्वत्र नाही.

पुण्याचा धडा

२०२० सालाने हा प्रश्न प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर आणला. जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोना विषाणूची चाचणी करू शकणारी देशातील एकच प्रयोगशाळा होती, ती म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. केरळातील पहिल्या रुग्णाचे निदान ३० जानेवारी रोजी झाले. पुढील काही आठवड्यांत सर्वच देश एकाच वेळी त्याच प्रायमरसाठी, त्याच विकरांसाठी आणि आरएनए वेगळा करण्याच्या त्याच संचांसाठी बाजारात उतरले. अशा वेळी परकीय चलन खिशात असूनही वस्तू मिळत नाही. तुटवड्याच्या काळात उत्पादक देश प्रथम स्वतःची गरज भागवितो, हा व्यापाराचा जुना अनुभव तेव्हा नव्याने आला.

२३ मार्च २०२० रोजी पुण्याच्या मायलॅब डिस्कव्हरी सोल्युशन्स या कंपनीच्या संचास केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता मिळाली. व्यावसायिक मान्यता मिळविणारा हा पहिला भारतीय आरटी-पीसीआर संच. विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखालील गटाने तो सुमारे सहा आठवड्यांत सिद्ध केला. प्रत्येक चाचणीमागे त्याची किंमत सुमारे १२०० रुपये सांगण्यात आली होती. पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेत या संचाची पडताळणी झाली, हे येथे महत्त्वाचे आहे. उत्पादक आणि पडताळणी करणारी सार्वजनिक संस्था एकाच शहरात असणे हीसुद्धा एक पायाभूत सुविधाच असते.

आता किमतींकडे पाहू. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने खासगी प्रयोगशाळेतील चाचणीची कमाल किंमत ४५०० रुपये ठरविली होती. महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये, घरी न बोलावता दिलेल्या नमुन्यासाठी, ती २२०० रुपयांवर आणली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संकलन केंद्रावर दिलेल्या नमुन्याचा दर ७०० रुपये झाला आणि मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० रुपये. ही घसरण केवळ शासनाच्या आदेशाने झाली असे मानणे चूक ठरेल. देशी उत्पादकांची संख्या वाढली, मागणीचे प्रमाण वाढले, घाऊक खरेदी सुरू झाली आणि मग कमाल दर खाली आणणे शक्य झाले. पुरवठा नसताना दर बांधला असता, तर चाचणी स्वस्त होण्याऐवजी दुर्मिळ झाली असती. दरनियंत्रणावर उत्तर लिहिताना हा क्रम विसरू नये.

मात्र या यशाला एक मर्यादा होती. अनेक 'देशी' संचांतील विकरे, न्यूक्लिओटाइड आणि प्रोब हे घटक बाहेरूनच येत होते. जुळणी येथे आणि गाभा परदेशात, ही भ्रमणध्वनी संचांची कथा येथेही होती. ही उणीव ओळखून बेंगळूरुच्या सी-कॅम्प या संस्थेने २०२० मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने चाचणी-संचांचे घटकच देशात तयार व्हावेत यासाठी कार्यक्रम हाती घेतला.

क्षयरोग : महासाथ ओसरल्यानंतरही उरलेला प्रश्न

कोरोनाची लाट ओसरली, परंतु क्षयरोग तेथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि त्यांपैकी २६ टक्के भारतातील होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू १८८२ मध्ये दाखवून दिला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ निदानाचा मुख्य आधार सूक्ष्मदर्शकच राहिला. सूक्ष्मदर्शकातून अनेक रुग्ण निसटतात आणि जिवाणू औषधाला दाद देईल की नाही हे त्यातून कळत नाही. जिवाणू वाढवून पाहावयाचे तर काही आठवडे जातात. डीएनए-वर्धनावर आधारित चाचणी मात्र काही तासांत निदान करते आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला रोध आहे किंवा नाही हेही सांगते. या आठवड्यांच्या फरकात रुग्ण घरच्यांना संसर्ग देत राहतो, चुकीचे औषध घेत राहतो आणि रोजंदारी गमावतो.

येथे दोन उदाहरणे तुलनेसाठी घ्यावीत. पहिले, अमेरिकी बनावटीच्या जीनएक्स्पर्ट यंत्राचे. त्याच्या क्षयरोग चाचणीच्या एका कार्ट्रिजची किंमत २०१२ मध्ये १६.८६ डॉलरवरून ९.९८ डॉलरवर आली. आंतरराष्ट्रीय दात्यांनी एकत्र येऊन उत्पादकाला निधी व मोठ्या खरेदीची हमी दिली, म्हणून हे घडले. २०२३ मध्ये ती आणखी उतरून ७.९७ डॉलर झाली. दुसरे उदाहरण गोव्याचे. वेर्णा येथील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र विजेरीवर चालते आणि त्याची विक्रियाकारके सुकवलेल्या स्वरूपात असल्याने साध्या खोलीच्या तापमानात टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याच्या वापरास मान्यता दिली. वातानुकूलित खोली आणि अखंड वीज गृहीत धरणारे यंत्र जिल्हा रुग्णालयापाशी थांबते. विजेरीवरचे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाऊ शकते. येथे स्वावलंबनाचा लाभ वाचलेल्या परकीय चलनाहून मोठा आहे, कारण आपल्या परिस्थितीचा विचार करून वस्तू घडविली गेली.

खरेदी समितीतील एक सही

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या खरेदी समितीवर बाहेरचा सदस्य होतो. पॉलिमरेज विकराच्या खरेदीसाठी तीन निविदा समोर होत्या. तिन्ही तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरविलेल्या होत्या. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी असे मी आग्रहाने मांडले व कागदावर सही केली. बचत काही हजार रुपयांची होती. पुढे तेथील एका संशोधक विद्यार्थिनीचे प्रयोग एका खेपेला जुळत आणि दुसऱ्या खेपेला जुळत नसत. तिने प्रायमर बदलले, पाणी बदलले, स्वतःच्या हातांवर शंका घेतली. आठ महिन्यांनी दोष विकरात आहे हे सिद्ध झाले. तिच्या पाच वर्षांच्या अधिछात्रवृत्तीतील ते आठ महिने होते. त्या काळात तिला मिळालेल्या अधिछात्रवृत्तीची रक्कम आम्ही केलेल्या बचतीच्या कितीतरी पट होती, आणि गेलेला वेळ तर मोजताच येत नाही.

यात दोष नियमाचा नव्हता. वित्तीय नियम पात्र निविदांमधूनच कमी दर निवडा असे सांगतात. पात्रतेच्या निकषांत प्रत्येक खेपेची कार्यक्षमता तपासून घेण्याची अट आम्ही लिहिलीच नव्हती. नव्वद टक्के आणि शंभर टक्के यांतील फरक तीस आवर्तनांनंतर किती होतो हे गणित अर्थशास्त्रज्ञ म्हणून मला करता आले असते. मी ते केले नाही.

शुल्क, नियम आणि अनिश्चितता

धोरणांतही अशीच एक घटना घडली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळा रसायनांवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्के करण्यात आले. हे रसायन ५०० ग्रॅम किंवा ५०० मिलिलीटरपर्यंतच्या आवेष्टनांत आयात होते. या शीर्षकाखाली अल्कोहोल आयात होत असल्याने तो मार्ग बंद करणे हा हेतू असल्याचे सांगितले गेले. परंतु त्याच शीर्षकाखाली संशोधनाची असंख्य रसायने येत होती. पुरवठादारांनी दरपत्रके देणे थांबविले, वैज्ञानिकांनी आवाज उठविला आणि ऑगस्टच्या आरंभीच, प्रत्यक्ष वापराच्या अटीवर, अल्कोहोल वगळता इतर रसायनांसाठी १० टक्के दर पूर्ववत झाला. चूक लवकर सुधारली ही चांगली गोष्ट आहे. तरीही शुल्काच्या एका ओळीमागे किती प्रयोगशाळा उभ्या असतात, हे या घटनेने दाखवून दिले. उद्या आपल्यापैकी कोणी ती ओळ लिहिणार आहे.

खरेदीच्या नियमांतही बदल झाले आहेत. मे २०२० मध्ये २०० कोटी रुपयांपर्यंतच्या जागतिक निविदांवर निर्बंध आले, देशी उद्योगाला संधी मिळावी हा त्यामागील उद्देश. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांना सवलत देण्यात आली : निविदेविना थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये झाली, खरेदी समितीमार्फत करावयाच्या खरेदीची मर्यादा २५ लाखांपर्यंत वाढली आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मान्यता देण्याचे अधिकार कुलगुरू व संचालकांना मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये निदान संच व विक्रियाकारकांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्के करण्यात आला. या तीन निर्णयांत दोन वेगवेगळ्या प्रेरणा दिसतात, देशी उत्पादकाचे संरक्षण आणि संशोधकाची सोय. दोन्ही योग्य आहेत. त्यांचा मेळ घालणे हेच धोरणकर्त्याचे काम आहे.

पुढील वाट

तो मेळ कसा घालावा याविषयी चार मुद्दे मांडतो. पहिला, संरक्षण द्यावयाचे तर मुदतबंद द्यावे. बाल्यावस्थेतील उद्योगाला आधार देण्याचा युक्तिवाद जुना आहे, परंतु बाल्यावस्था किती वर्षांची हे आधीच ठरले पाहिजे. दुसरा, मागणीची हमी द्यावी. क्षयरोग कार्यक्रमासारखा मोठा खरेदीदार पुढील काही वर्षांची गरज आगाऊ जाहीर करू शकला, तर विकर बनविणारा छोटा उद्योजक भांडवल गुंतविण्याचे धाडस करील. तिसरा, गुणवत्तेची स्वतंत्र पडताळणी व्हावी. पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये संचांसाठी जे केले, ते विकरे आणि प्रायमर यांच्यासाठी नित्याचे व्हावे आणि त्याचे निष्कर्ष खरेदी समित्यांना उपलब्ध असावेत. चौथा, सर्व काही येथेच बनविण्याचा हट्ट धरू नये. ज्या पाच-सहा घटकांशिवाय चाचणी थांबते, त्यांची क्षमता देशात असावी, आणि उरलेले घटक जेथे चांगले व रास्त दरात मिळतात तेथून घ्यावेत. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या बायोई-थ्री धोरणाने जैव-उत्पादनाला प्राधान्य दिले आहे. त्याचे यश घोषणेवरून ठरणार नाही. एखाद्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रातील नळीत कोणते विकर आहे आणि ते प्रत्येक खेपेस चालते की नाही, यावरून ते ठरेल.

परीक्षेत या विषयावर प्रश्न आला, तर पीसीआरची व्याख्या लिहून थांबू नका आणि 'आत्मनिर्भरता आवश्यक आहे' या वाक्यावरही उत्तर संपवू नका. कोणता घटक, कोणाच्या हाती, कोणत्या किमतीस आणि कोणाच्या वेळेच्या मोबदल्यात, हे चार प्रश्न विचारा. सेवेत गेल्यानंतर तुमच्या टेबलावरही खरेदीचा कागद येईल. त्यावर सही करण्यापूर्वी ती वस्तू वापरणाऱ्या माणसाला एकदा बोलावून घ्या आणि पाच मिनिटे त्याचे ऐका. मी त्या वेळी ते केले असते, तर एका विद्यार्थिनीचे आठ महिने वाचले असते.